शेवटचं कडवं

वसंतराव देशपांड्यांचं ‘बगळ्यांची माळ फुले’ हे गाणं संपतं कसं, हे मला लग्न झाल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी त्याचा शेवट ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ असा होता.

आमचे आप्पा सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. १९८३च्या दिवाळीत त्यांनी टू-इन-वन आणला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. आईचं म्हणणं होतं, एवढ्या पैशांत मिक्सर आला असता, आणि पुढची बरीच वर्षं चटणी वाटताना ते तिने कुणाला विसरू दिलं नाही. गाण्यांच्या तयार कॅसेटी घेणं परवडायचं नाही. आप्पा कोऱ्या आणायचे, साठच्या. एका बाजूला तीस मिनिटं. नव्वदची फीत पातळ असते, ती रिळाला गुंडाळी मारते, असं त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं आणि आप्पांच्या दृष्टीने तो विषय तिथेच मिटला होता.

रेडिओला हवं ते गाणं लागलं की दोन बटणं एकदम खाली दाबायची. जेवता जेवता उठून, उष्ट्या हाताच्या कोपराने दाबलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे आमच्या संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक गाण्याचा पहिला शब्द गायब आणि त्याच्या जागी एक ‘खट्ट’. ‘माळ फुले अजुनि अंबरात’ इथूनच आमचे बगळे उडायचे. लेबलावर आप्पांच्या खतावणीतल्या अक्षरात ‘बगळ्यांची. व. दे.’ आणि कडेला अंगठ्याचा पिवळा ठसा. हळदीच्या पेढीवर काम करणाऱ्या माणसाची बोटं रविवारीसुद्धा पिवळीच असतात.

कॅसेटच्या पाठीला दोन चिमुकल्या प्लॅस्टिकच्या झडपा असायच्या, आठवतात? त्या मोडून टाकल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. आप्पांनी त्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडल्या होत्या. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा कोरीच्या मोलाची होते, हे ज्ञान दादाला शाळेत मिळालं. तो आठवीत होता, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं होतं, विषय ‘हुंडा : एक सामाजिक कीड’. स्वतःचा आवाज कसा येतो ते त्याला ऐकायचं होतं. झालं. बगळे मोजत मोजत दिवस कमळासारखे मिटतात ते कडवं संपतं, वाद्यं पुढच्या कडव्याची वाट उघडतात, आणि... खट्ट. अध्यक्ष महाशय.

त्या संध्याकाळी आप्पांनी कॅसेट लावली तेव्हा दादा माडीवर जाऊन बसला होता. आप्पांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मग बटण बंद करून म्हणाले, “उच्चार स्पष्ट आहेत.” बास. पुढे ते गाणं रेडिओवर आम्हाला परत सापडलं नाही. सापडलं असेल तेव्हा आप्पा पेढीवर असतील.

तर शेवट नसलेलं ते गाणं मी लहानपणभर आनंदाचं गाणं म्हणून ऐकलं. त्यात होतं काय? पानांवर वाजणारा पाऊस, अभ्रकासारखं ऊन, नारळीखालच्या गोष्टी. आयर्विन पुलावरून संध्याकाळी कृष्णेवर खरोखरचे बगळे दिसायचे, मी ते मोजायची, त्यामुळे हे गाणं सांगलीवरच आहे याबद्दल मला शंकाच नव्हती. लग्नानंतर पुण्यात आले. नवऱ्याकडे भावगीतांची सीडी होती. एका रविवारी मेथी निवडत बसले होते आणि गाणं ‘अध्यक्ष महाशय’पाशी थांबायचं सोडून पुढेच गेलं. पुढे ती माळ तोडून निघून गेलेली! मागे उरते नुसती पंखांची फडफड. कवी वा. रा. कांतांनी सगळं दुःख शेवटच्या तीन ओळींसाठी राखून ठेवलंय आणि श्रीनिवास खळ्यांची चाल शहाण्यासारखी आधी काही बोलत नाही. म्हणजे सुरुवातीचं ‘स्मरशी काय’ हे खरंच विचारलेलं होतं. मी मेथीच्या काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

आणि मग लक्षात आलं ते आणखी वेगळंच. आप्पा दाढी करताना ‘फडफडणे’ असं काहीतरी गुणगुणायचे. गालाला साबण असल्यामुळे शब्द नीट कळायचे नाहीत. मला वाटायचं कुठल्यातरी नाटकातलं पद असेल.

खरं म्हणजे गाणं आणि त्याला चिकटलेली आठवण यांचं पत्रिकेत सहसा जमत नाही. माझं तरी कधी जमलेलं नाही. ‘घनश्याम सुंदरा’ ही एवढी मंगल भूपाळी, पण तिचा पहिला सूर आला की मला न झालेला गृहपाठ आणि बंबातल्या ओल्या लाकडाचा धूर आठवतो. ‘गणराज रंगी नाचतो’ म्हणजे चाचणी परीक्षा. मंडळाचा कर्णा आमच्या खिडकीकडेच तोंड करून असायचा. ताईच्या पाठवणीला बँडवाल्यांनी ‘बाबुल की दुआएँ लेती जा’ धरलं, मांडवातली झाडून सगळी माणसं रडली, आणि त्याच वेळी आप्पा मागच्या दाराशी उभे राहून भाड्याची पातेली मोजत होते. “अठरा होती, सतरा भरतायत,” असं ते त्या क्लॅरिनेटच्या वरच्या पट्टीत ओरडले. अजूनही रफीसाहेबांनी ते गाणं कितीही जीव ओतून म्हणू दे, माझ्या मनात एक पातेलं कमी पडतं. (सापडलं ते. वरपक्षाच्या टेम्पोत, बुंदीसकट.)

आईचं गाणं ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’. शांताबाईंचे शब्द, हृदयनाथांची चाल, आशाबाईंचा गळा. तिने स्वतःहून कधी कशाचा हट्ट धरला नाही, पण ह्या गाण्यासाठी तिने रेडिओवरच्या फर्माइशी गाण्यांच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकलं. १५ पैशांचं कार्ड. एक टाकलं, उत्तर नाही. मग दर पंधरा दिवसांनी एक टाकायची, किराणाच्या हिशेबात ‘इतर’ असं लिहून. शेवटी गाणं लागलं तेव्हा ती रॉकेलच्या रांगेत होती, आप्पा पेढीवर, दादा कुठे होता देव जाणे. मी समोरच्या गिरणीत, दळणाच्या नंबरात. गिरणीवाले मामा वर्षभर रेडिओ लावून ठेवायचे, जात्याच्या आवाजात त्यांना तो कसा ऐकू यायचा कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी एकदम पट्टा सरकवला, जातं घरघरत थांबलं आणि पांढऱ्या भुवया वर करून ते म्हणाले, “अगं, हे तुझ्या आईचं नाव न्हवं?” नाव होतं, आडनाव निवेदिकेने जरा वाकवलं होतं. मग रांगेतल्या सहा-सात बायका, मामा आणि मी, सगळ्यांनी उभ्याने ते गाणं पूर्ण ऐकलं. माझ्या हातात नुकत्याच दळलेल्या गव्हाची पिशवी होती, गरम, मांजराच्या पोटासारखी. संधिप्रकाशात घराची वाट शोधणाऱ्या कुणाचं ते आर्त गाणं, आणि मला त्यातून येतो पिठाचा वास.

आईने नंतर मला विचारलं, “सगळं लावलं का?” मी म्हणाले, “हो, सगळं.” “आणि नाव?” “नाव पण.” आडनावाचं मी सांगितलं नाही. मामा मात्र पुढे कायम तिला ‘रेडिओवाल्या वहिनी’ म्हणायचे आणि तिचं दळण नंबर मोडून आधी घ्यायचे.

दहा ते तीस या वयातलं माणसाला उतारवयात जास्त आठवतं, असं मानसशास्त्रवाले सांगतात. असेल. मला वाटतं त्या वयात गाणी आपल्या सोयीने लागत नव्हती, हेही त्याला कारण असेल. आता फोनमध्ये सगळी गाणी हात बांधून उभी असतात. हाक मारली की हजर. माझी लेक एकच गाणं एका संध्याकाळी अकरा वेळा ऐकते आणि पुढच्या महिन्यात ते तिला नकोसं होतं. ते कुठे चिकटणार? पण हे मी तिला म्हणत नाही. तिच्याही मनात एखादं पातेलं कमी पडत असेल, मला काय ठाऊक.

आप्पा गेले. सांगलीचं घर आवरताना ती कॅसेट निघाली. ठसा तसाच, जरा फिका. टू-इन-वन केव्हाच मोडीत गेला होता. पुण्यात जुन्या कॅसेटींवरून पेनड्राइव्हवर गाणी उतरवून देणाऱ्या एकाचा पत्ता मिळाला. पेठेतलं बोळकंडीएवढं दुकान, काउंटरवर तीन डेक उघडे पडलेले. त्याने कॅसेट दिव्यासमोर धरली, करंगळीने चाक फिरवून पाहिलं, म्हणाला, “मॅडम, फितीची पूड उडतीये. एक-दोनदा चालंल. शनिवारी या.”

शनिवारी गेले. पेनड्राइव्ह पाकिटात घालून तयार होता. दुकानदार खूश दिसत होता.

“गाणी चांगली आहेत हो तुमची. एकाच्या शेवटी मात्र कुणीतरी पोराने भाषण भरून ठेवलं होतं. ते काढलं. आणि शेवटचं कडवं नेटवरून घेऊन असं बसवलंय, जोड कळणार नाही. त्याचे वेगळे पैसे नाहीत.”

त्याने ऐकवलंसुद्धा. कमळं मिटली, वाद्यं आली, आणि वसंतराव सरळ पुढे गेले. जोड खरंच कळत नव्हती.

“ते भाषण आहे का तुमच्याकडे?”

“ते? ते पहिल्यांदा उडवलं.”

माझा चेहरा बघून त्याने काही न बोलता कॅसेट परत बाहेर काढली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं. बोळा तपकिरी झाला. मला स्टुलावर बसवलं आणि फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. वीसेक मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. मग आवाज मध्येच जरा खोल गेला, वर आला, खट्ट झालं आणि तेरा वर्षांचा दादा घसा खाकरून म्हणाला, “अध्यक्ष महाशय...”

“हे ठेवायचं?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि मी जोडलेलं कडवं?”

“ते भाषणाच्या नंतर घाला,” मी म्हणाले.