तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेलच्या मिस्त्रीने बॅटरीची गाडी का घेतली?

"मिस्त्री, जन्मभर डिझेलचे पंप-नोझल उघडून पोट भरलं, अन् स्वतःला बॅटरीची गाडी काहून घेतली?" जालन्यातल्या माझ्या गॅरेजवर आलेला माणूस चहा येईपर्यंत हे विचारतोच. डिझेल परवडेना म्हणून घेतली असेल, असा त्यांचा अंदाज. तसं नाही. कारण एका पत्र्याच्या चकतीत आहे.

इंजिनात जितकी उष्णता, तितकं डिझेल चांगलं जळतं आणि ॲव्हरेज मिळतं. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तो कमी व्हावा म्हणून ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह थोडा जळका धूर परत इंजिनात सोडतो, म्हणजे उष्णता उतरते. त्यात काजळी साचते आणि पिकअप पडतो. साफ करायला अर्धा दिवस जातो. म्हणून आम्ही मध्ये एक चकती टाकून रस्ताच बंद करायचो. गाडी पळायला लागायची, गिऱ्हाईक खूश. अशा किती चकत्या मी टाकल्या, मोजल्या नाहीत.

आणि पीयूसी? ती तर आणखी छान निघायची! डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. ईजीआर बंद केलं की काजळी घटते, नायट्रोजन ऑक्साइड वाढतो, आणि तो तिथे कोणी मोजतच नाही. शेडमध्ये इंजिन रेस करून काम करताना डोळे झोंबायचे, छाती भरून यायची. धूर दिसत नव्हता, म्हणून मी त्याला धूर म्हणत नव्हतो.

18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन या जर्मन गाडी कंपनीला नोटीस दिली. पुतण्याने बातमी वाचून दाखवली. गाडी तपासणीच्या रोलरवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं, कारण चाकं फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की मोकाट. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्या. हे उघडं पडलं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटामुळे. त्यांनी मोजायचं यंत्र गाडीत ठेवून खऱ्या रस्त्यावर हजारो मैल गाडी चालवली. भारतात फोक्सवॅगन समूहाने 3 लाख 23 हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. नियम मोडल्याचं मात्र इथे नाकारलं. त्या गाड्यांत स्कोडाही होत्या, आणि स्कोडाचा कारखाना आमच्याच जालना रोडवर, शेंद्र्याला.

सगळे कंपनीला शिव्या देत होते. मला रात्री झोप लागली नाही. त्यांनी सॉफ्टवेअरने केलं, तेच मी पत्र्याने करत होतो.

नवं डिझेल वाईटच, असं मी म्हणणार नाही. 1 एप्रिल 2023 पासून आपल्याकडेही गाड्या खऱ्या रस्त्यावर तपासाव्या लागतात, ते चांगलंच झालं. पण ती स्वच्छता ईजीआर, फिल्टर आणि काही गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड मारणारी युरियाची टाकी शाबूत असेपर्यंत. ते काढून टाकणारे हात आमच्याच धंद्यातले.

बॅटरीच्या गाडीला सायलेन्सरच नाही. तिथे खोटं बोलायला जागा उरत नाही, मला ओढ लागली ती याचीच. लोक म्हणतात, वीज तर परळीच्या कोळशाचीच ना? बरोबर आहे, कोळशाचा धूर धूरच. त्याच 2015 साली पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद पडलं होतं, तेही विसरलो नाही. पण चिमण्या मोजक्या असतात, त्यांच्यावर नजर ठेवता येते. सायलेन्सर लाखो, आणि तेही शाळेतल्या पोरांच्या नाकासमोर. शिवाय आपल्याकडे ऊन कमी आहे का? शेडच्या पत्र्यावर सोलर बसवलंय, गाडी दुपारी तिथेच चार्ज होते. ऊस वाहणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र मी आज बॅटरी घे म्हणणार नाही; त्याचं गणित वेगळं आहे.

परवा एक जीपवाला आला, "चकती टाका, लग्नाची तिथी आहे, घाई आहे." मी म्हणालो, "साफ करून देतो, दुपारपर्यंत थांबा." तो कुरकुरला, पण थांबला. व्हॉल्व्हमधून वाटीभर काजळी निघाली. ती कागदावर घेऊन मी त्याला दाखवली.