डब्यातला परदेश

जिओकॅशिंगचा खेळ सांगायला सोपा. कुणीतरी घट्ट झाकणाचा डबा दडवून ठेवतो, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएस घेऊन शोधत फिरतात. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख टाकायची आणि डबा होता तिथेच पुन्हा लपवायचा. पण डबा एका देशात आणि त्यातलं कौतुक मात्र भलत्याच देशाचं, असा प्रकार असला की मला या खेळात खरी गंमत वाटू लागते.

कारण हा डबा पर्यटकाचा नसतो. सुटीत गेलो, डबा ठेवला आणि विमान पकडलं, हे नियमात सहसा बसत नाही. वही भिजली, झाकण तुटलं, तर ठेवणाऱ्यालाच जाऊन निस्तरावं लागतं. म्हणजे दूरदेशाचा डबा ठेवणारा माणूस आसपासच राहत असणार. एक तर तो त्या देशातून इथे येऊन स्थिरावलेला, नाहीतर कधी न पाहिलेल्या देशाच्या प्रेमात पडलेला. डबा उघडल्यावर यातला कोण, ते बहुधा ओळखू येतं. प्रेमात पडलेला माणूस झेंडा, प्रसिद्ध मनोरा, राष्ट्रीय पक्षी, असं सगळं सजवून ठेवतो. तिथे वाढलेला माणूस ट्रामचं वापरलेलं तिकीट ठेवतो. नाहीतर युरो आल्यावर बाद झालेलं एखादं नाणं, कडा झिजलेलं, कुणाच्या तरी खिशात वर्षानुवर्षं खुळखुळलेलं. मला विचाराल तर मी तिकिटाच्या बाजूने.

ठेवण्यावर बंधनंही बरीच आहेत. संस्कृती म्हटलं की आपण आधी ताटाकडे वळतो, पण खाद्यपदार्थ चालत नाहीत. वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात. गंमत म्हणजे ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जी पहिली बादली ठेवली, तिच्यात बीन्सचा एक डबा होता! धर्माचा, राजकारणाचा प्रचारही नको. आता ताट गेलं, देव गेले, पुढारी गेले. उरलेल्या ऐवजात देश उभा करायचा, आणि तोही डब्याच्या मापात. बोटाच्या पेराएवढ्या नॅनो डबीत तर कागदाची सुरळीच कशीबशी मावते.

म्हणून हुशार लोक संस्कृती डब्यात भरतच नाहीत, वाटेवर पेरतात. खरी जागा कोड्यामागे लपवायची सोय आहेच. समजा, कोडं जपानी आकड्यांचं आहे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन. शोधणारा खूश होतो, हे तर बाळबोध आहे म्हणतो. पुढे चार येतो आणि रेघा गायब! तिथे एक चौकोन आणि आत दोन फराटे. आता बसा शोधत. अक्षांश-रेखांश जुळेपर्यंत हा गडी दहापर्यंत मोजायला शिकलेला असतो. कुणी शिकवायला बसलं असतं तर एवढ्यात त्याला जांभई आली असती.

अंतराचा नियम आणखी मजेशीर. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर हवेत, बस्स. तेवढं राखलं की एकाच बागेत दोन देश सुखाने नांदतात. व्हिसा नाही, सीमा नाही. आणि २००८ साली रिचर्ड गॅरियट या अमेरिकी गेम-निर्मात्याने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डबा ठेवला, तोही रशियन विभागात. तो कोणत्या देशातला धरायचा, ते ज्याने त्याने ठरवावं.

एक अडचण मात्र उरतेच. रिवाज असा की डब्यातलं काही घेतलंत, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेवा. त्यामुळे नाणं आधी जातं आणि त्या जागी गोटी येते. झेंडा जातो, प्लॅस्टिकचा डायनासोर येतो. थोड्या काळाने त्या देशाचं म्हणून झाकणावरचं नावच तेवढं राहतं. मालक अधूनमधून नवं सामान भरतो, ते पुन्हा पांगतं. कुणी याला नासाडी म्हणेल. मला त्यात काही वाईट दिसत नाही. एखाद्या पोराच्या खणात ते बाद नाणं पडलंय, हे झाडाच्या ढोलीत पडून राहण्यापेक्षा बरंच.

जीव तुटतो तो डब्याचं वेबसाइटवरचं वर्णन लिहिणाऱ्यासाठी. त्याने लोकनृत्याचा उगम, पोशाखाचे रंग, वाद्यं, सगळं लांबलचक लिहिलेलं असतं. खाली शोधणाऱ्यांची पोच काय, तर 'टीएफटीसी', म्हणजे डब्याबद्दल आभार. पुन्हा टीएफटीसी. मग कुणीतरी, 'झाकण सैल झालंय.' आणि कधीतरी एखादा पठ्ठ्या सगळं अथपासून इतिपर्यंत वाचून कळवतो की अमुक वाद्य या नाचात वाजतच नाही, ते शेजारच्या प्रांतातलं आहे. त्या दिवशी डबेवाल्याची स्वारी काय खूश असते म्हणता! ताबडतोब आणखी दोन परिच्छेद लिहायला बसते.