बॅसिलिका आणि आमचा राजवाडा

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेलेलो, जुन्या गोव्यात बॉम जेझससमोर उभं असताना पोरीनं विचारलं, "बाबा, चर्च आहे ना, मग बॅसिलिका का म्हणतात?" मी सांगितलं मोठं चर्च म्हणजे बॅसिलिका. चुकीचं सांगितलं. साताऱ्यात परत आल्यावर नीट वाचलं आणि तेव्हापासून हा शब्द काही डोक्यातून जात नाहीये.

मूळ शब्द ग्रीक, बॅसिलेउस म्हणजे राजा, त्यावरून बॅसिलिका म्हणजे राजाचं दालन. पण रोमन लोकांकडे तिथं राजा नव्हताच, कोर्ट होतं! इ.स.पू. 184 मध्ये केटो नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं रोममध्ये बॅसिलिका पोर्शिया बांधली, ख्रिस्ताच्याही पावणेदोनशे वर्षं आधी. भर चौकाला लागून लांबलचक हॉल, आत खांबांच्या रांगा, एकीकडं खटले चाललेत, एकीकडं व्यापाऱ्यांचे सौदे. रोममधल्याच बॅसिलिका ज्युलियाच्या पायऱ्यांवर तर लोकांनी दगडात खेळांचे पट कोरलेत, ते अजून दिसतात, आपल्या गडांवर मंकळ्याचे असतात ना अगदी तसेच.

मग 313 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिश्चनांना मोकळीक दिली. रोमन देवळात मूर्ती आत आणि यज्ञ बाहेर अंगणात, यांना मात्र सगळ्यांनी आत जमून प्रार्थना करायची होती, म्हणून देवळाऐवजी कोर्टाच्या हॉलचा नमुना उचलला. मला हे फार आवडलं.

आता बॅसिलिका ही पोपनं दिलेली पदवी आहे. बॉम जेझसमध्ये तर लांबीभर खांबांच्या रांगा पण नाहीत, आत एकच सलग दालन. चर्च 1605 चं, पदवी 1946 ची. आणि आर्चबिशपचं, म्हणजे इथल्या मुख्य धर्मगुरूचं, आसन समोरच्या से कॅथेड्रलमध्ये, म्हणजे कॅथेड्रल वेगळं, बॅसिलिका वेगळी.

काल राजवाड्याच्या स्टॉपवर पोरीला हे सगळं सांगितलं. म्हटलं हा बघ छत्रपतींचा वाडा, 1900 साली बाबासाहेब आंबेडकर इथंच जुन्या राजवाड्यातल्या शाळेत आले, राजवाड्यात शाळा भरली तरी आपण राजवाडाच म्हणतो ना, तसंच ते. तिनं विचारलं, "मग बॅसिलिकात जज कुठं बसायचा?" मी मोबाइलमधला गोव्याचा फोटो काढला आणि शेवटाला चमकणाऱ्या सोनेरी वेदीवर बोट ठेवलं, म्हटलं जुन्या बॅसिलिकांमध्ये बऱ्याचदा असा टोकालाच, अर्धगोल कोनाड्यात.