तोंडावर वारा घेऊन लोआरेच्या किल्ल्यावर

स्पेनमधल्या उएस्काहून सायकलने लोआरेचा किल्ला करायचा ठरला, तेव्हा माझ्या सहकाऱ्याने सगळ्यात आधी मोबाइलवर वाऱ्याची दिशा बघितली. चढ किती, अंतर किती, हे नंतर. तो मूळचा सारागोसा शहराचा. मी तिथे कंपनीच्या कामासाठी गेलेलो, रविवारी सिंहगडाच्या घाटात सायकल घालणारा पुणेकर. मला वाऱ्याचं एवढं काय, असं वाटलं होतं.

हा भाग ईशान्य स्पेनमधला आरागोन. इथे सिएर्सो नावाचा वारा वाहतो. वायव्येकडून येतो, कोरडा असतो आणि एकदा सुरू झाला की दिवसचे दिवस थांबत नाही. उएस्काहून आयेर्बे गावाचा रस्ताही वायव्येलाच जातो. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी वारा अंगावर घ्यायचा, लोआरे करून बोलेआ गावावरून खाली यायचं, आणि दमलेले असताना तोच वारा पाठीशी. दमल्यावर हाच वारा तोंडावर आला तर शेवटचे तीस किलोमीटर संपता संपत नाहीत, असं तो म्हणाला.

आदल्या दिवशी प्रादेशिक रेल्वेने उएस्का गाठलं आणि दुकानातून माझ्यासाठी भाड्याची सायकल घेतली. दुकानदाराने उंची विचारली, पेडल कुठले हवेत ते विचारलं, अनामत घेतली. पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता. माझ्या पुण्याच्या सायकलला तो उजवीकडे आहे, त्यामुळे संध्याकाळी गल्लीत चार चकरा मारून हाताला सवय लावून घेतली. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तीही सवय त्यातच झाली. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे.

जूनची सुरुवात होती. सकाळी सातला निघालो तेव्हा जाकीट लागत होतं. गावाबाहेर पडलो आणि वारा भेटला. रस्ता जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं जवाचं शेत, कडेला अजून टिकून राहिलेली लाल पॉपी, मधूनच बदामाच्या बागा. हे सगळं मी सहकाऱ्याच्या मागच्या चाकाकडे बघता बघता पाहिलं, कारण त्याच्या आडोशातून जरा बाहेर आलो की वेग धपकन पडायचा. पाळीपाळीने पुढे राहिलो. आपल्याकडे असल्या रस्त्यावर ट्रक कानाजवळून जातो. इथे सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे, आणि तो पाळतातही. एक ट्रॅक्टरवाला तर वळण संपेपर्यंत निमूट मागे राहिला.

आयेर्बेला पहिला थांबा. चौकातल्या बारमध्ये दूध घातलेली कॉफी आणि बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा घातलेला लांब पाव. अंडं चालत असेल तर स्पेनमध्ये सायकलवाल्याला यापेक्षा चांगला नाश्ता नाही. सान्तियागो रामोन इ काहाल याचं बालपण या गावात गेलं. मेंदू आणि चेतासंस्था सुट्या सुट्या पेशींची बनलेली असते हे दाखवून देणारा, 1906च्या नोबेलचा मानकरी. वडील गावचे डॉक्टर. मुलगा मात्र अर्क. लाकडाच्या वाशाची तोफ करून त्याने शेजाऱ्याचं नवंकोरं फाटक उडवलं आणि त्यापायी काही दिवस कोठडीत काढले.

तिथून मुरिय्योच्या दिशेने थोडी वाकडी वाट केली, फक्त रिग्लोसचे सुळके बघायला. गोटे आणि वाळू घट्ट बसून झालेल्या खडकाचे तांबूस उभे सुळके, तीनशे मीटरच्या आसपास, आणि त्यांच्या पायाशी गाव. गिर्यारोहक इथे जगभरातून येतात. वर गिधाडं घिरट्या घालत होती. वेळ नसेल तर ही वाट गाळली तरी चालेल, पण मी म्हणेन गाळू नका.

खरी परीक्षा लोआरे गावापासून. गावातून किल्ल्यापर्यंत पाचेक किलोमीटर, चढ तीनशे मीटरच्या आसपास. सिंहगडाच्या निम्माच, आणि डोणज्याच्या बाजूसारखा छातीवर येणारा नाही. पण आधीच साठेक किलोमीटर झालेले असतात आणि वळणागणिक वारा कधी बाजूने, कधी समोरून. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि बोलणं बंद केलं. वरून उतरणारे दोघे म्हातारे सायकलवाले ‘बेंगा, बेंगा!’, म्हणजे ‘चला, चला!’, ओरडत गेले. दोघेही सत्तरीचे असावेत. लाज वाटून मी पेडल जरा जोरात मारले.

पाइनची झाडं संपली आणि डोंगराच्या खांद्यावर किल्ला दिसला. दगड डोंगराच्याच रंगाचा, त्यामुळे खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते लवकर कळत नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सांचो तिसरा याने तो उभारायला घेतला. तेव्हा खालचं सगळं मैदान मुस्लिम सत्तेखाली होतं, आणि हा होता ख्रिस्ती राज्याचा सीमेवरचा पहारा. नातू सांचो रामीरेस याने 1071च्या सुमारास इथे धर्मगुरूंचा मठ बसवला. 1096मध्ये उएस्का ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं, सीमा दक्षिणेला सरकली आणि किल्ल्याचं महत्त्व ओसरलं. म्हणूनच तो इतका शाबूत राहिला असावा, असं आपलं माझं मत. पाडण्याचे किंवा बदलण्याचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत.

आत शिरल्यावर पायऱ्यांचा जिना थेट चर्चच्या पोटाखालून वर चढतो. शत्रू आलाच तर त्यालाही इथूनच यावं लागणार. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. सायकलच्या बुटांच्या तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे टणक तुकडे, असतात, त्यांनी इथे घसरून दात पडायचे. कॅनव्हासचे हलके बूट पाठपिशवीत आणले होते ते कामी आले. वरच्या चर्चचा घुमट सव्वीस मीटर उंच. बाहेर कडक ऊन, आत घाम गार पडून शहारा आला. भिंतीवर बुद्धिबळाच्या पटासारखी कोरीव पट्टी जाते, ही या भागातल्या जुन्या बांधकामांची खूण. तटावरून आम्ही सकाळी आलो तो अख्खा रस्ता दिसतो. बोलेआ तर इतकं जवळ, की तिथली हालचाल पहारेकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत असणार. मुस्लिम सत्तेखालचं ते गाव पडलं 1101मध्ये. म्हणजे उएस्का गेल्यावरही पाच वर्षं बोलेआ टिकून होतं.

दोनच्या सुमारास खाली गावात जेवायला. हे वेळापत्रक पाळाच. साडेतीननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि मग चिप्सवर भागवावं लागतं. ‘मांस नको’ म्हणून सांगितलं, तरी सॅलडवर ट्यूना आलाच. मासा म्हणजे मांस नव्हे, असा तिथला ठाम समज. हरभरे-पालकाची रसभाजी मात्र झकास होती.

बोलेआच्या बाहेर चेरीच्या बागा लाल झाल्या होत्या. तिथून उएस्कापर्यंत वाऱ्याने अक्षरशः ढकलत आणलं. पेडल मारायची गरज भासेना, सकाळचा सगळा हिशोब त्याने व्याजासकट चुकता केला. चारच्या आधीच दुकानासमोर हजर. दुकान पाचपर्यंत बंद.