टॅक्टिशियनवर मार खातोय राव

परवा रंकाळ्यावरनं भेळ खाऊन आलो आणि बाल्डर्स गेट ३ ही गेम लावली, टॅक्टिशियन म्हणजे अवघड डिफिकल्टीवर, तर साध्या गॉब्लिनांनी माझ्या टोळीतल्या चौघांनाबी आडवं केलं. चारवेळा! मित्र म्हणतोय गप बॅलन्स्डवर, म्हणजे मधल्या डिफिकल्टीवर ये की, पण मी कसला ऐकतोय. मग कळलं चूक माझीच, मी चौघांना एका जागी कोंबत होतो आणि वर उभ्या धनुष्यवाल्यांना नेम लागायला उंचीचे +२ आयते मिळत होते. आता आधी आपण उंची धरायची, दारात मंत्रानं ग्रीस टाकायचं, सगळे घसरले की आग लावायची, ग्रीस पेटतंय ना, नाद खुळा! हेस्ट, म्हणजे गडी चपळ करायचा मंत्र, तेवढा जपून, टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं की ज्याच्यावर टाकलाय तो गडी एक टर्न नुसता उभा.

१९९८ च्या पहिल्या भागात सहा जण आणि पॉज करत लढायचं, तिथं पहिल्या लेव्हलचा जादूगार दोन फटक्यात खपायचा, ते मला अवघड कमी नि लॉटरी जास्त वाटायचं. नुसतं शत्रूचं एचपी, म्हणजे जीव, वाढवलं की झाली डिफिकल्टी, असं नसतंय. तिसऱ्या भागातल्या सगळ्यात अवघड ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह आणि बॉसला लेजेंडरी अ‍ॅक्शन म्हणजे जादाची खास चाल, ते खरं. तिकडं नंतर बघू, आधी ह्या गॉब्लिनांचा हिशोब.