बोल्ट घेतला, लोटस सोडलं

बोल्ट. लोटस समोर असताना बोल्ट.

रात्रीपासून एवढंच डोक्यात आहे. सकाळी उठून चहा घेतला, पडवीतली गळती होती तिथेच आहे हे बघून आलो, बादली रिकामी केली, तरी तेच. रविवारी आम्ही सहा जण 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. आधी पंधरा पानांच्या पॅकमधलं एक ठेवून उरलेली शेजाऱ्याला द्यायची, असं करत आपापलं डेक जमवायचं, मग एकमेकांशी सामने. खरं तर वहिनींनी सहज विचारलं होतं. खेळ संपल्यावर पत्ते रंगवार लावताना पहिलं काय उचललं ते आम्ही एकमेकांना विचारतोच. डॉक्टर म्हणाले, सोल रिंग. सोन्या म्हणाला, टाइम वॉक. बाब्या म्हणाला, "लाइटनिंग बोल्ट." आणि एकदम कोणीच काही बोलेना. मास्तर उगाच डब्याचं झाकण नीट लावत बसले. बाब्याच्या डावीकडे मी होतो. पहिल्या पॅकमधलं एक पान ठेवून त्याने उरलेली चौदा माझ्याकडे सरकवली, त्यात ब्लॅक लोटस होतं, आणि हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. ते पान मी काही गुपचूप उतरवलं नव्हतं.

लोटस कोणी सोडत नाही. पान खेळायला मॅना मोजावा लागतो, आणि तो लँड या पानांतून फेरीला एकेक वाढत मिळतो. हे शून्य मॅनाचं पान, फोडलं की कुठल्याही एका रंगाचा तीन मॅना. समोरच्याने पहिला लँड टाकून हात झटकले असतील-नसतील, तोवर तुम्ही चौथ्या फेरीची कामं करून मोकळे. १९९३ च्या पहिल्या संचांत ते छापलं, १९९६ मध्ये कंपनीने पुन्हा कधी न छापायच्या पानांची यादी काढली, तिच्यात ते जाऊन बसलं. खरं लोटस आमच्यापैकी कोणी काचेआडूनसुद्धा बघितलेलं नाही. मास्तरांनी 'पॉवर' म्हणतात ती, लोटससारखी सगळ्यात जबर नऊच्या नऊ पानं एसटी स्टँडजवळ कलर झेरॉक्स करून आणली, कात्रीने कापली आणि प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये साध्या लँडच्या पुढ्यात सरकवली. लोटस जरा जांभळट आलंय, खालच्या कडेला कात्री तिरकी गेलीय. तरी ते हातात आलं की माणूस सावरून बसतो.

बोल्टही त्याच १९९३ च्या पहिल्या संचातला. एक लाल मॅना, तीन डॅमेज, म्हणजे समोरच्याचे तीन प्राण गेले, आणि प्राण शून्य झाले की तो हरला, विषय संपला. चांगलाच पत्ता आहे, मी कुठे नाही म्हणतोय. पण त्याचं काम करणारी चेन लाइटनिंग आहे, बर्स्ट लाइटनिंग आहे, लाल खेळणाऱ्याचं भागतं. लोटसच्या जागी दुसरं काही नाही. आणि ते रोज येतं असंही नाही. ज्यातून पॅक बनवतो तो आमचा संच म्हणजे क्यूब, ती ५४० पानांची, आम्ही सहा जण, माणशी ४५, म्हणजे २७० पानं वाटली जातात आणि बरोबर अर्धी क्यूब डब्यात राहते. त्या रविवारी लोटस टेबलावर आहे की डब्यात, हे कोणालाच ठाऊक नसतं. आठ जण बसायचो तेव्हा ३६० पानं लागायची. ते असो.

तर हे सगळं बाब्याला माहीत नाही? माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. या खेळातलं मला जे काही येतं ते निम्मं त्यानेच शिकवलेलं.

होडी विकल्यापासून लोक माझ्याशी जरा हळू बोलतात. वाण्याकडे गेलो तरी तो आधी माझं काढून देतो. बंदरावर तर मी जातच नाही सध्या. तसाही ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदीच आहे, सगळ्यांच्याच होड्या झापांखाली झाकलेल्या, त्यामुळे कोणाची आहे नि कोणाची नाही हे अजून तरी दिसून येत नाही. ऑगस्टचं ऑगस्टला बघू. पण रविवारचं टेबल ही एकच जागा अशी होती, जिथे मला कोणी सवलत देत नव्हतं. वहिनी थालिया नावाचं पान उतरवून प्राणी सोडून माझी बाकी प्रत्येक जादू एक मॅनाने महाग करतात आणि वर हसतात. डॉक्टर माझ्या चांगल्यातल्या चांगल्या पानाला काउंटर मारतात, म्हणजे ते पडायच्या आधीच रद्द करतात, आणि मारताना पेशंटला सांगावं तसं "सॉरी हां" म्हणतात. मला हेच हवं असतं. सलग किती रविवार हरलो ते मी मोजत नाही, पण हरलो ते माझं माझं हरलो.

आणि आता हा बोल्ट.

लहानपणी गणपतीत मुंबईहून मामा यायचे. रात्री भजनं झाली की माजघरात पत्ते निघायचे, मोठ्यांचा मेंढीकोट आणि आम्हा पोरांचा झब्बू. मामा आमच्यात येऊन बसायचे आणि मुद्दाम हरायचे. हातात चांगलं पान असताना दाबून ठेवायचे, आणि शेवटी "अरे, हरलो की!" म्हणून कपाळाला हात लावायचे. बाकीची पोरं नाचायची. मी एकदा त्यांच्या मांडीखाली सरकवलेलं पान बघितलं आणि पुढचे सगळे दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आई म्हणायची, "मेल्या, तुझ्यासाठीच हरतत ते." म्हणूनच तर! सावंतवाडीच्या आत्येकडे गंजिफाचा जुना संच होता, दशावतारी, गोल पानांचा, १२० पानं. तिच्याबरोबर खेळायला बसलं की ती पोराचीसुद्धा गय करायची नाही. कुठला अवतार पडला, कुणाचा प्रधान अजून बाहेर आहे, सगळं तिच्या डोक्यात. मी रडकुंडीला यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच समोर जाऊन बसायचो. मामांची आठवण येते तेव्हा अजूनही आधी ते मांडीखालचं पान आठवतं. माणूस चांगला होता हो. पण.

दुपारी राहवलं नाही. बाब्याला मेसेज टाकला, लोटस का सोडलंस. तासाभराने उत्तर आलं: "चिकटलेला असात. माका दिसूकच नाय."

आता हे पटण्यासारखं आहे, हीच पंचाईत आहे. पावसात आमच्या स्लीव्ह चिकटतात. मास्तर टाल्कम पावडर लावून बघतात, डॉक्टरांनी औषधांच्या बाटलीतल्या त्या पांढऱ्या पुड्या आणून डब्यात टाकल्या, तरी जुलैत पानावर पान बसतं ते बसतंच. खाजा टेबलावर आणायचा नाही हा नियमच आहे. गुळाचं बोट एका स्लीव्हला लागलं की पुढची चार जोडीने फिरतात. मागे सोन्याने डेमॉनिक ट्यूटर समजून उचलला आणि मागून जंगल, म्हणजे साधा लँड, निघालं. तेव्हा चिकटलेलं असू शकतं.

पण बाब्या पानं मोजतो. प्रत्येक नवा पॅक हातात आला की पहिल्यांदा अंगठ्याने फरफर मोजतो, पंधरा भरले की मगच बघतो. त्याच्या या मोजण्याला वहिनी वैतागतात. लोटस चिकटलेलं असतं तर त्याच्या मोजणीत चौदा भरली असती, आणि चौदा भरली असती तर त्याने टेबल डोक्यावर घेतलं असतं. तो काही बोलला नाही. बरं, दुसरं असं की झेरॉक्सची पानं हाताला कळतात. स्लीव्हमध्ये लँड आणि पुढे कागद, त्यात दमट हवेने कागद फुगलेला. कुठल्या स्पर्धेत हे असलं चालायचं नाही, आमच्यात चालतं, कारण सगळेच एकमेकांना फसवू शकतात. तर ते फुगलेलं पान बाब्याच्या बोटाला लागलं नाही? ज्याला बांगड्याचा काटा जिभेला लागायच्या आधी कळतो त्याला?

आणि दिसलं नाही म्हणावं, तर उरलेल्या तेरांत बोल्टपेक्षा बरं काही नव्हतं, हेही खरं. मी ती पानं आठवून आठवून कागदावर लिहून काढली. म्हणजे दिसलं नसेल तर बोल्ट बरोबर. दिसलं असेल तर बोल्ट म्हणजे... कीव.

हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. भर पावसाळी दुपारी चाळिशीचा माणूस चौदा पत्त्यांची यादी घेऊन बसलाय. आईने दोनदा डोकावून बघितलं, तिला वाटलं हिशेब चाललाय. काही विचारलं नाही. तीही हल्ली विचारत नाही.

तरी शेवटचा सामना लिहून ठेवतो, कारण त्याशिवाय यादी पुरी होत नाही. तिसऱ्या फेरीत बाब्या आणि मी समोरासमोर. माझं निळं-काळं, मुडदे उठवायचं डेक. त्याचं अख्खं लाल. पहिल्या डावात माझ्या हातात एक काळा लँड, लोटस, एन्टूम आणि अ‍ॅनिमेट डेड. लोटस फोडलं, एन्टूमने ग्रिसलब्रँड थेट कबरीत टाकला, अ‍ॅनिमेट डेडने बाहेर काढला. आठ मॅनाचा राक्षस पहिल्याच फेरीत टेबलावर, आणि वर एक मॅना शिल्लक. सात प्राण मोजले, सात पानं ओढली. अ‍ॅनिमेट डेडमुळे तो सातच्या जागी सहाचा होतो, पण त्या सहाने काय फरक पडतो? प्रत्येक हल्ल्याला सहा त्याचे जातात आणि सहा माझे वाढतात. बाब्याने पत्ते गोळा केले आणि म्हणाला, "पुढचो." चेहऱ्यावर काही नाही. तेव्हा मला वाटलं, हरल्याचा राग आहे. आता वाटतं, माझे मामापण असेच चेहरा करायचे. नाही, मामा कपाळाला हात लावायचे. बाब्याने लावला नाही.

दुसरा डाव त्याने घेतला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गॉब्लिन गाइड पहिल्या फेरीला आला आणि मला श्वास घ्यायला मिळाला नाही.

तिसऱ्यात लोटस तळाशी कुठेतरी राहिलं. फ्रँटिक सर्चने मी ग्रिसलब्रँड हातातून कबरीत फेकला. हातात रिअ‍ॅनिमेट होता. एक मॅना, पण उठवलेल्याची जेवढी किंमत तेवढे प्राण मोजावे लागतात, म्हणजे आठ. माझे होते अकरा. त्याच्या पटावर एकटा गॉब्लिन, हातात एक पान. लाइट गेली होती, इमर्जन्सी दिव्यात आम्ही सहाही जण त्या टेबलावर वाकलेलो. अकरातून आठ गेले तर तीन उरतात. गॉब्लिनला ग्रिसलब्रँड अडवेल. पुढच्या फेरीला हल्ला केला की सात परत, मग हरायची गोष्टच नाही. न करावं तर पुढच्या काही फेऱ्यांत तसाही मेलो. मी रिअ‍ॅनिमेट टाकला. आजही तोच टाकेन. वहिनी "आई गं" म्हणाल्या. बाब्याने आपल्या फेरीचं पान ओढलं, बघितलंसुद्धा नाही, आणि हातातलं जुनं पान उलटं करून माझ्यासमोर ठेवलं.

बोल्ट. तीन.

किती वेळ धरून ठेवला होता कोण जाणे. मधल्या दोन फेऱ्यांत तो माझ्यावर मारून त्याला मोकळं होता आलं असतं, त्याने मारला नाही. मी आठ प्राण आपल्या हाताने मोजून तीनवर येईन याची वाट बघत बसला. असा माणूस कीव करतो का? की आधी लोटस देऊन मग असा मारला, म्हणजे दोन्ही करून झालं? आत्येने हे केलं नसतं. मामांना जमलं नसतं.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. बदलीचं पत्र आलंय, जूनमध्येच यायचं ते आता आलं. क्यूबचं काय, ते त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाले, पुढच्या रविवारी सगळे या, डॉक्टरांकडे. मग जाता जाता म्हणाले, "बाब्याचं मनावर घेऊ नकोस." म्हटलं काय मनावर घेऊ? तर म्हणाले, "तोच म्हणत होता, त्याला वाटतंय तू चिडलास." म्हणजे तिकडेही कोणीतरी यादी घेऊन बसलंय.

बरं वाटलं का? थोडं वाटलं. चिडलो नाही असं त्याला कळवायचं होतं, दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी "बोल्ट मस्त धरून ठेवलेलास" एवढंच पाठवलं. त्याचा अंगठा आला. या माणसाकडून अंगठा म्हणजे पत्रच.

दिसलं होतं की नव्हतं, हे मी आता त्याला पुन्हा विचारणार नाही. खरं सांगेल याची खात्री नाही, आणि सांगितलंच तर त्याचं मी काय करू. रविवारी मात्र डॉक्टरांकडे लवकर जाऊन त्याच्या उजवीकडची जागा धरणार आहे, म्हणजे पहिल्या पॅकला माझं त्याच्याकडे जाईल. लोटस आलं तर मी काय करीन ते आज सांगता येत नाही. बोल्ट आला तर तो ठेवून घेणार. डेकमध्ये एक लाल लँड नसला तरी.