पाचवं जॅकेट

रविवार, रात्री साडेअकरा

अतिनील उजेडाचा तो टॉर्च एकदाचा आला. अंगठ्याएवढा आहे. दिवसभर कळ काढली, जेवणं उरकली, मग खोलीतले दिवे मालवून रहस्यकथांची वरची रांग खाली उतरवली आणि एकेका जॅकेटवर, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनावर, उजेड टाकत गेले. पहिली चार मंद, मळकट दिसली, म्हणजे दिसायला हवीत तशीच. पाचवं मात्र लख्ख निळं पेटलं. नुकताच धुतलेला पांढरा शर्ट अशा उजेडात उजळतो ना, अगदी तसं.

कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळवणारी रसायनं घालायला लागले ते १९५०च्या आसपास. माझं पुस्तक १९३४चं. पानांवर टॉर्च फिरवला, ती गप्प राहिली. म्हणजे पुस्तक खरं आहे, त्याच्या अंगावरचा कोट पुढे कधीतरी शिवलेला.

मी त्या टेबलाशी बराच वेळ नुसती बसून होते. लेक पाणी प्यायला आली, माझ्याकडे आणि त्या निळ्या उजेडाकडे बघून म्हणाली, "आई, पुस्तकं वाचायची असतात की तपासायची?" उत्तर सुचलं नाही. तीही थांबली नाही.

नक्कल जॅकेट करणं यात गैर काही नाही. मूळचं जॅकेट हरवलेलं पुस्तक झाकायला लोक ते मुद्दाम घेतात. सरळमार्गी माणूस आतल्या घडीवर बारीक अक्षरांत 'नक्कल' असं छापतो, बहुतेक खालच्या बाजूला. माझ्या जॅकेटच्या घडीचा खालचा कोपरा तिरका कापलेला आहे. घेताना वर्णनात होतं : 'व्हेरी गुड, जॅकेटवरची किंमत कापलेली.' भेट देताना लोक किंमत कापतातच, तेव्हा मला काही खटकलं नाही. आज पहिल्यांदा मनात आलं, त्या तुकड्यावर किंमतच होती कशावरून?

विकणाऱ्याला ठाऊक होतं की तोही फसलेला, देव जाणे. पण मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता हे खरं. आतल्या बाजूचा फोटो मागवला नव्हता. पुस्तक हवं होतं, आणि हवं असलं की डोळे फार समजूतदार होतात.

या धंद्यातले शब्दही तसेच. प्रतीची अवस्था सांगणाऱ्या शब्दांना शिस्त लावायचा प्रयत्न एका अमेरिकी साप्ताहिकाने १९४९मध्ये केला होता : अ‍ॅज न्यू, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. आता 'गुड' म्हणजे चांगलं असं समजणारा पहिल्याच खरेदीत शहाणा होतो. गुड म्हणजे पानं सगळी आहेत आणि बांधणी अजून धरून आहे, बस्स. मुलगी दाखवताना 'स्वभावाने चांगली' म्हणतात त्यातलं.

त्यात रहस्यकथेचं दुखणं वेगळं. ही पुस्तकं लोकांनी अक्षरशः वाचून संपवली. इंग्लंडात बूट्स या औषधवाल्यांची वर्गणीची वाचनालयं होती, ती १९६६पर्यंत चालली. तिथल्या प्रतींच्या पुठ्ठ्यावर ढालीच्या आकाराचं हिरवं लेबल असतं आणि ते खरवडायला जावं तर कापड सोलून निघतं. जॅकेट म्हणजे तेव्हा नुसतं वेष्टन, घरी आणलं की कचऱ्यात. त्यामुळे त्या काळातल्या प्रतीची बरीचशी किंमत आज त्या कागदाच्या घडीत असते आणि नकलाही त्याच्याच होतात.

पहिली आवृत्ती ओळखायच्या तऱ्हा तरी किती! नव्या पुस्तकांत आकड्यांची ओळ असते, तिच्यात १ दिसला की सहसा पहिलं मुद्रण. पण रँडम हाउस या प्रकाशकाच्या एका काळातल्या पहिल्या मुद्रणांची ओळ २पासून सुरू व्हायची, वर 'पहिली आवृत्ती' असे शब्द. हे माहीत नसल्यामुळे एक प्रत मी हातची घालवली आहे. शेरलॉक होम्सच्या 'बास्करव्हिल'च्या १९०२च्या पुस्तकात पान १३वर तिसऱ्या ओळीत 'युअर'च्या जागी 'यू' पडलंय, आणि लोक ती चूक शोधत फिरतात. मुद्रितशोधकाची डुलकी इतकी लाडकी दुसरीकडे कुठे झाली नसेल.

झोप उडालीच होती, म्हणून माझी संग्रहाच्या नोंदींची वही काढली. आठ वर्षांपूर्वी एका पुस्तकासमोर मी लिहिलंय, 'जवळजवळ फाइन'. ते पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरलं. कणा कललेला, वाचून वाचून होतो तसा. जॅकेट पुढून लाल, कण्यावर फिकट गुलाबी. लाल शाई उन्हाला फार लवकर हार जाते. हे सगळं तेव्हाही होतंच की. खोडून लिहिलं, 'व्हेरी गुड, कणा विटलेला व कललेला'. आणखी एकात पात्रांच्या यादीत खुन्याच्या नावापुढे कुणीतरी शिसपेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे. पेन्सिल आहे, मऊ खोडरबराने जाईल, अवस्थेच्या हिशेबात किरकोळ दोष. मी खोडली नाही. त्या माणसाला कोणत्या पानावर कळलं असेल, हे मला जास्त छळतं.

मग परत ते पाचवं पुस्तक. जॅकेट पूर्ण उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कारण प्लॅस्टिकच्या आवरणात घडीसकट बसवलेलं होतं आणि उगाच हात कशाला लावा, असं वाटायचं. कॉलिन्स या प्रकाशकांच्या क्राइम क्लब मालिकेचं नारिंगी कापड, काळी अक्षरं. पुढचा-मागचा पुठ्ठा अजून छान नारिंगी आहे, कणा मात्र वाळक्या पानासारखा. वर्षानुवर्षं हे पुस्तक फळीवर जॅकेटविनाच उभं होतं, कणा उजेडाकडे करून. आणि त्याच्यावरच्या जॅकेटचा कणा कसा, तर कालच छापल्यासारखा ताजा.

टॉर्चची गरजच नव्हती. जॅकेट उचलून खाली बघायचं होतं.

वहीत लिहिलं : 'पुस्तक गुड+, कण्याचं कापड विटलेलं. जॅकेट नक्कल, घडी कापलेली.' मग तेच जॅकेट पुन्हा चढवलं. उरलेल्या नऊ पुस्तकांची जॅकेटं उद्या उतरवीन, दिवसाच्या उजेडात.